उतारवयातली रात्रीची काळजी आणि ख्रिस्ती प्रार्थना

रात्री अडीचला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत तेच ते मनात घोळत राहते, ही साठी-सत्तरीनंतर घरोघर ऐकू येणारी तक्रार आहे. यातला काही भाग निव्वळ शरीराचा असतो. वयाबरोबर गाढ झोप कमी होते, डोळा लवकर लागतो आणि लवकर उघडतो, लघवीसाठी एकदोनदा उठावे लागते. मात्र उठून आल्यावर पुन्हा डोळा लागत नाही त्याला बहुधा मन कारण असते. पेन्शनसाठी द्यायचा हयातीचा दाखला, उद्या येणारा रक्ताचा रिपोर्ट, पुण्यात किंवा परदेशात असलेल्या मुलाचा चार दिवसांत न आलेला फोन, पलंगाची रिकामी झालेली दुसरी बाजू, आणि या सगळ्यांमागे मरणाची चाहूल. दिवसा यातल्या प्रत्येक काळजीचे काहीतरी करता येते. कुठे जाता येते, कुणाला विचारता येते. रात्री सगळी दारे बंद असतात आणि काळजी तेवढी जागी असते. ‘काळजी’ या शब्दात मराठीला काळीज ऐकू येते, आणि ती येतेही तशीच, छातीत धडधड घेऊन.

नागपूरच्या गांधीबागेसारख्या वस्तीत रात्र कधीच पुरती शांत होत नाही. ही ठोक कापडाची पेठ. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी जुनी घरे येथे अजून आहेत, आणि अशा एखाद्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे ख्रिस्ती वृद्ध दांपत्य किंवा विधवा बाई शेजाऱ्यांच्या ओळखीची असते. शटर ओढल्याचा खडखडाट, हातगाडीवर पडणाऱ्या गाठीचा धप्प आवाज, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून मेयो रुग्णालयाकडे धावणारी रुग्णवाहिका. उन्हाळ्यात कुलरची घरघर हे सगळे गिळून टाकते. जुलैत कुलर बंद झाला की एकेक आवाज परत येतो, आणि रुग्णवाहिकेच्या भोंग्यासरशी ‘कोण असेल’ हा प्रश्नही. जुलै-ऑगस्टमध्ये झोप बिघडल्याची तक्रार वाढली तर हे साधे कारणही तपासून पाहावे. पंख्याचा एकसुरी आवाज चालू ठेवल्याने पुष्कळांचे काम भागते.

श्रद्धावान माणसाच्या बाबतीत या त्रासात आणखी एकाची भर पडते, ती म्हणजे अपराधीपणाची. ‘देवावर भरवसा असता तर झोप लागली असती’ असे तो स्वतःला बजावतो. कधी मंडळीतले कुणीतरी सद्हेतूने तेच सुनावते. मूळ काळजीपेक्षा या समजुतीने अधिक माणसे जागी राहत असावीत. पवित्र शास्त्राचा तिला आधार नाही. स्तोत्र ७७ चा कर्ता रात्रभर हात पसरून बसला आहे, डोळे मिटत नाहीत आणि तोंडातून शब्द फुटत नाही. ईयोब कूस बदलत पहाटेची वाट पाहतो. गेथशेमाने बागेतल्या रात्री येशूने स्वतःच्या जिवाची घालमेल तिघा मित्रांना सांगितली, सोबत जागे राहा अशी विनवणी केली, आणि ते तिघेही झोपून गेले. ज्याला झोप आली नाही तो प्रभू होता आणि ज्यांना आली ते शिष्य, हे ध्यानात घेतले तर झोपेवरून विश्वास मोजण्याची सवय सुटायला हरकत नाही.

पौलाचे उदाहरण याहून बोलके आहे. कशाचीही चिंता न करता प्रार्थनेत सगळे देवाला कळवावे, हा सल्ला त्याने फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात दिला, तोही कैदेत असताना. त्याच पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आपल्या हालअपेष्टांची यादी दिली आहे. तिच्यात कितीतरी जाग्रणे आहेत, आणि शेवटी सर्व मंडळ्यांची रोजची चिंता आहे. दोन्हीकडचे मूळ ग्रीक शब्द एकाच धातूचे. म्हणजे चिंता मुळीच न येणारा माणूस हा सल्ला देत नाही. ती रोज येते आणि रोज तिची वाट लावावी लागते हे ठाऊक असलेला माणूस तो देतो. फिलिप्पैकरांच्या त्याच ठिकाणी देवाची शांती मनाचे रक्षण करील असे म्हणताना त्याने वापरलेले क्रियापद लष्करी आहे, चौकी-पहाऱ्याचे. पेठेच्या गल्लीत रात्री काठी आपटत फिरणारा चौकीदार ज्याने ऐकला आहे त्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चौकीदार असूनही आतला माणूस जागा असू शकतो. पहारा मात्र चालूच असतो.

प्रत्यक्ष उपायांत पहिला उपाय संध्याकाळचा आहे, रात्रीचा नव्हे. अडीच वाजता दमलेल्या मनाला नवी प्रार्थना रचता येत नाही. रचू गेले तर ती काळजीचीच उजळणी होऊन बसते: हे देवा, मुलाचे असे, घराचे तसे, आणि पुन्हा मुलाचे. ख्रिस्ती परंपरेने हे फार पूर्वी ओळखले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्यात दिवसाच्या इतर उपासनांची बहुतेक स्तोत्रे बदलत जातात, पण झोपण्यापूर्वीच्या शेवटच्या उपासनेला रोज तीच तीन नेमून दिली आहेत: ४, ९१ आणि १३४. त्यानंतर मौन. रोज तेच म्हटले की ते पाठ होते, आणि पाठ असलेल्याला दिवा लागत नाही की चष्मा. मोतीबिंदू झालेल्या, अक्षर न दिसणाऱ्या माणसाला याची किंमत अधिक कळेल. स्तोत्र १३४ तर अवघ्या तीन ओव्यांचे आहे आणि रात्री देवाच्या घरात उभे राहणाऱ्यांविषयीच आहे. पाठांतराची सवय सुटलेल्या माणसाने तेवढे एकच घ्यावे, महिनाभर रोज रात्री नऊला मोठ्याने म्हणावे, मग स्तोत्र ४ कडे वळावे. मोठ्याने म्हणण्याला महत्त्व आहे. मनातल्या मनात म्हटलेले शब्द काळजीच्या विचारांत मिसळून जातात, कानावर पडलेले जात नाहीत.

झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेब देवापुढे मांडण्याची रीत इग्नेशियस लोयोलाने आखून दिली. त्याचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ मध्ये छापले गेले. मिळालेल्याबद्दल आभार, मनाला प्रकाश मिळावा ही मागणी, दिवसाची उजळणी, चुकीची क्षमा, उद्याचा निश्चय, असा तिचा क्रम. कापडपेठेत आयुष्य गेलेल्याला ही रीत परकी वाटणार नाही, कारण गल्ला मोजून रोजमेळ लिहिल्याशिवाय तो कधी घरी गेलेला नसतो. रोजमेळात त्या दिवशी न मिटलेली रक्कम कुणी उगाळत बसत नाही. ‘शिल्लक पुढे’ लिहून पान उलटले जाते. प्रार्थनेसाठी एक वही ठेवून नेमके हेच करता येते. रात्री आठच्या सुमारास, झोपण्याच्या निदान तासभर आधी, पलंगावर नव्हे तर टेबलाशी बसून डाव्या बाजूला त्या दिवशी मिळालेले लिहावे. ते जितके लहान आणि नेमके तितके बरे. ‘देवाने सांभाळले’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘समोरच्या पोराने भाजीची पिशवी वर आणून दिली’ असे लिहावे. उजव्या बाजूला उरलेली काळजी, आणि तिच्यापुढे उद्या सकाळी करायचे एकच काम: दाखल्यासाठी बँकेत जाणे, जावयाला फोन. ज्या काळजीपुढे कोणतेच काम लिहिता येत नाही, तिच्यापुढे नुसता क्रूस काढावा. मग वही मिटवून दुसऱ्या खोलीत ठेवावी. पहिले आठ दिवस हा प्रकार पोरकट वाटतो. दुसऱ्या आठवड्यात उजवी बाजू आखडू लागते, कारण तीच काळजी सातव्यांदा लिहायचा कंटाळा येतो.

काळजी देवावर टाकण्याचा पेत्राच्या पहिल्या पत्रातला सल्ला सर्वांना परिचित आहे, पण ‘टाकणे’ म्हणजे काय हे सहसा कुणी सांगत नाही. तिथला ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरे ठिकाण लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, जिथे शिष्य आपली वस्त्रे शिंगरावर टाकतात. म्हणजे एका पाठीवरचे दुसऱ्या पाठीवर देणे. गांधीबागेत हमाल गाठ उतरवतो तेव्हा ती हवेत सोडून देत नाही. हातगाडी जागेवर आहे हे बघतो, पाठ वाकवतो, गाठ गाडीवर सरकवतो आणि मग सरळ उभा राहतो. दुसरी गाठ आली की पुन्हा तेच. एकदा टाकलेली काळजी परत आली म्हणून आधीचे टाकणे खोटे ठरत नाही.

एवढे करूनही मध्यरात्री जाग आली, तर घड्याळ पाहू नये. किती वाजले हे कळताच किती झोप उरली याचा हिशेब सुरू होतो आणि तो हिशेबच माणसाला पुरता जागा करतो. पडल्या पडल्या श्वास नाकाने घ्यावा आणि घेतल्यापेक्षा सावकाश सोडावा, आणि त्याच्या लयीत एखादी दोन-चार शब्दांची प्रार्थना म्हणावी. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये येशूच्या नावाने दया मागणारी अशी प्रार्थना शतकानुशतके चालत आली आहे. श्वास घेताना प्रभूचे नाव, सोडताना विनंती. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी उतरते हे शरीरशास्त्रही मानते. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसावे. निद्रानाशावर काम करणारे डॉक्टर आज हाच सल्ला देतात, कारण जागेपणी पलंगावर तळमळत राहिले की पलंग आणि तळमळ यांची मनात गाठ बसते. उठण्यापूर्वी काठावर क्षणभर बसून राहावे, मिणमिणता दिवा लावावा, काठी हाताशी असावी. खुर्चीत बसून पाठ स्तोत्र म्हणावे, किंवा माणसांची नावे घ्यावीत. मंडळीतले आजारी, रात्रपाळीच्या परिचारिका, भोंगा वाजवत गेलेल्या त्या रुग्णवाहिकेतला अनोळखी माणूस. स्वतःसाठी मागणे संपत नाही, दुसऱ्यासाठीचे संपते, आणि त्यानंतर येणारी झोप अधिक सहज असते. डोळे जड झाले की पुन्हा पलंग. मोबाईल या सगळ्यात कुठेही नसावा. ध्वनिमुद्रित बायबल ऐकायचे असेल तर आवाज आपोआप बंद होण्याची वेळ आधीच लावून, फोन उपडा ठेवावा.

गाणाऱ्याला याहून सोपी वाट आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक धर्मांतरापूर्वी काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांच्या कामात होते. पुढे १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतल्या एका अनोळखी साहेबाने त्यांना बायबल दिले आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या पाव शतकात त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि पदांची भाषा दिली, आणि आज सत्तरीत असलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या डोक्यात लहानपणापासून ती भरलेली आहेत. कालचे जेवण न आठवणाऱ्यांनाही ही गीते शेवटच्या कडव्यापर्यंत येतात. अभंगाचा संथ चरण हा मुळातच एक लांब उच्छ्वास आहे. शेजाऱ्यांची झोप न मोडता ओठांत गुणगुणले तरी पुरते. कॅथलिक घरांत हेच काम रोझरी करते: बोटांना मणी, ओठांना शब्द, आणि मनाला मधल्या जागेत विसावा. रोझरी म्हणता म्हणता झोप लागली म्हणून पुष्कळ आज्यांना चुकल्याचुकल्यासारखे वाटते. वाटू नये. प्रार्थनेच्या मांडीवर झोपणे हा प्रार्थनेचा अपमान कसा होईल?

जिथे प्रार्थनेपूर्वी डॉक्टर हवा, ती ठिकाणे वेगळी ओळखता आली पाहिजेत. छातीत दाब किंवा दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, आडवे झाल्यावर कोंडणारा श्वास, ही काळजीची लक्षणे धरून बसू नये; १०८ ला फोन करावा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असलेल्या माणसाला रात्री घाम, थरथर आणि भीती वाटली तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते. घरातल्या यंत्रावर साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि सकाळी डॉक्टरांना कळवावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. एवढ्या एका बदलाने काहींची अर्धी जाग्रणे संपतात. चहा चारनंतर बंद. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडणे शक्यच नसते, त्यामुळे दोन-दोन तासांची दुपारची झोप होते आणि रात्र कोरडी जाते. ती झोप अर्ध्या तासावर आणणे कोणत्याही स्तोत्राइतके उपयोगी आहे. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी घेऊ नये. उतारवयात तिने तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी एकदम बंद करणेही तितकेच धोक्याचे, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागते.

पहाटे रोज लवकर जाग, कशातच मन नाही, अन्न नको, जगणे नको असे आठवडाभराहून अधिक काळ चालले तर ते नैराश्य असू शकते, आणि त्यावर औषध आहे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही वेगळी सेवा सकाळी आठ ते रात्री आठ चालते, म्हणून मध्यरात्रीसाठी पहिलाच क्रमांक पलंगाजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. मानसोपचाराला जाण्यात विश्वासाची हार मानणाऱ्यांनी पहिल्या राजांच्या पुस्तकातला एलीया वाचावा. मरण मागून झुडपाखाली पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांनी.

मरणाच्या भीतीवर मात्र गोळी नाही, आणि वहीच्या उजव्या बाजूला तिच्यापुढे क्रूसच निघतो. ती बोलून दाखवायला घरात कुणी तयार नसते. मुले ‘असं काही बोलू नका’ म्हणून विषय तोडतात आणि म्हातारे माणूस ती भीती रात्रीसाठी राखून ठेवते. लूकच्या दुसऱ्या अध्यायातला शिमोन बाळ येशूला हातात घेऊन आता मला शांतीने जाऊ दे असे देवाला म्हणतो. त्याचे ते गीत पश्चिमेकडच्या मंडळ्यांनी रात्रीच्या उपासनेत घातले, म्हणजे श्रद्धावान माणूस मरणाचा सराव रोज झोपताना करत आला आहे. त्याच उपासनेत आपला आत्मा देवाच्या हाती सोपवण्याचे स्तोत्र ३१ मधले वाक्यही येते, जे येशूने क्रूसावर उच्चारले. दफनभूमीची जागा, मृत्युपत्र, अंत्यविधीला कोणती गीते म्हणायची, हे दिवसाउजेडी, पाळकांना किंवा फादरांना घरी बोलावून, मुलांच्या समोर एकदा ठरवून टाकावे. ज्यांनी ते ठरवले त्यांच्या रात्री हलक्या झाल्याचे पाळकांना वारंवार ऐकायला मिळते.

एकटेपणावर एकट्याने केलेल्या प्रार्थनेची मात्रा अपुरी पडते, आणि इथे मंडळीचे काम सुरू होते. नागपूर हे ख्रिस्ती इतिहासातले लहान गाव नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे १८४५ मध्ये आले, १८८३ चे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचे. सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. पण सदर भागातले ऑल सेंट्स कॅथेड्रल काय किंवा सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल काय, गांधीबागेतल्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला लांबच पडते. चालवत असेल तर अग्रसेन चौकातून मेट्रोने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून कस्तुरचंद पार्क आणि पुढे रिक्षा हा मार्ग जिने टाळून, लिफ्टने होतो. झेपत नसेल तर प्रभुभोजन किंवा कम्युनियन घरी आणण्याची विनंती करावी. ती प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही परंपरांत मान्य आहे आणि ती करण्यात संकोच बाळगण्यासारखे काही नाही. मंडळीनेही वृद्धांना भेटण्याची वेळ सकाळी अकराची न ठेवता संध्याकाळी साडेसात-आठची ठेवावी, वही लिहिण्याच्या सुमाराची. दहा मिनिटे पुरतात: एक स्तोत्र, एक गीत, हातावर हात. ज्या घरी जाणे जमत नाही तिथे मंडळीतल्या दोघा वृद्धांनी एकमेकांना नऊला फोन लावून स्तोत्र ४ अर्धे-अर्धे म्हणावे. फोन कुणी कुणाला लावायचा आणि न उचलल्यास शेजारच्या कोणत्या दारावर टकटक करायला सांगायचे, हे आधी ठरलेले असावे, आणि त्या शेजाऱ्याचा नंबर दोघांच्याही भिंतीवर असावा, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो.